चित्रकाराने ब्रश पुसलेली भिंत

एखाद्याला गळा असतो, एखाद्याला कान असतो, तसं ओब्दुलियाला नाक होतं. किळस येणं ही तिची देवदत्त कला होती. बाजाराच्या दिवशी मासेवाल्याच्या गाडीसमोर ती उभी राहायची, माशाकडे बघायचीसुद्धा नाही, त्याच्या नखांकडे बघायची आणि म्हणायची, "परवाचा आहे." आणि मासा परवाचाच निघायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पोसोआल्बार गावात असं एकही घर उरलं नव्हतं जिथे बसण्याआधी तिने खुर्ची पदराने, म्हणजे तिच्या त्या काळ्या एप्रनच्या टोकाने, झटकली नव्हती. गावाला याचा राग नव्हता. नवी सून घरात आली की सासू तिला सांगायची, "ओब्दुलिया येतेय असं समज आणि घास."

अशा बाईच्या वाट्याला कला यावी, हा दैवाचा खोडसाळपणा.

झालं असं होतं, की ओब्दुलिया बारा वर्षांची असताना साल्वात्येरा नावाचा एक चित्रकार तिच्या आईच्या घरात, वरच्या खोलीत, दोन उन्हाळे भाड्याने राहिला. पुढे तो परदेशी जाऊन मोठा झाला, तिकडे मेला, आणि मेल्यावर आणखीनच मोठा झाला. आता वेशीवर त्याच्या नावाची पाटी आहे, चौकात पुतळा आहे, पाववाल्याकडे त्याच्या मिशीच्या आकाराची बिस्किटं मिळतात. दर शनिवारी दोन बसगाड्या भरून माणसं येतात. ती ओब्दुलियाच्या दारावरच्या निळ्या फरशीवर "इथे राहत होते" असं वाचतात, मान हलवतात, आणि मग थकून तिच्याच भिंतीला टेकतात. टेकतात तीही एक पाय वर दुमडून, बुटाचा तळवा भिंतीला लावून. बस गेली की ओब्दुलिया ओला फडका घेऊन बाहेर यायची आणि तळवे मोजत पुसायची. "सत्तावीस," ती आत येऊन नवऱ्याला सांगायची. "आणि एकाने तर कोपऱ्यावर मुतून ठेवलंय. कलेचं दर्शन झालं की यांना लागते."

गावातल्या म्हाताऱ्यांपैकी प्रत्येकाकडे साल्वात्येराची एक गोड आठवण होती आणि ती बसवाल्यांना ऐकवण्याची चालही होती. ओब्दुलियाकडे आठवणी सर्वांत जास्त, पण तिला कोणी बोलू देत नसे. कारण तिला आठवायचं ते भलतंच. त्याच्या दाढीत अंड्याचा बलक वाळून बसलेला असायचा. आंघोळ तो सणासुदीलाही करत नसे. आईने जिवापाड जपलेल्या जिरेनियमच्या कुंडीत तो इतका थुंकला, की दुसऱ्या उन्हाळ्यात ते झाड मान टाकून गेलं. आणि संध्याकाळी काम संपलं की तो रस्त्यावर यायचा आणि दाराच्या उजव्या बाजूला, खिडकीखाली, आपले सगळे ब्रश भिंतीला पुसायचा. म्हशीने गोठ्याच्या खांबाला अंग घासावं तसा. हिरवं, तपकिरी, काळपट, वरून ओघळणारं तेल. आई दात-ओठ खायची, पण माणूस भाडेकरू. ऑगस्ट आला की ती तेवढ्यावर चुन्याचे दोन हात जास्त द्यायची.

चुना ही पोसोआल्बारमध्ये साधी गोष्ट नाही. कळीचा चुना रांजणात विरवायचा, तो निदान महिनाभर मुरू द्यायचा, सायीसारखा झाला की गाळून घ्यायचा, लांब काठीच्या कुंच्याने भिंत न्हाऊ घालायची आणि तळाला गुडघाभर निळीचा पट्टा ओढायचा. सप्टेंबरच्या आठ तारखेला मारियामाता डोंगरावरच्या देवळातून गावात येते. तिच्या वाटेवरचं घर पांढरं नसेल तर त्याचा अर्थ एकच: त्या घरात कोणीतरी गेलंय. सुतकात चुना नाही. आणि सुतकाच्या घरासमोरून बँड वाजत जात नाही. ढोलावर कापड पडतं, तोंडाची वाद्यं खाली येतात, माणसं टोप्या काढतात आणि मिरवणूक नुसते पाय ओढत पुढे सरकते. ओब्दुलियाच्या घरासमोर हे दोनदाच झालं होतं, आईच्या वर्षी आणि बापाच्या वर्षी.

या वर्षी तिला त्या बँडची गरज होती. फेब्रुवारीत तिचा नवरा कास्तो अंगणात पडला आणि उजव्या बाजूने लुळा झाला. कास्तो चव्वेचाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये बॉम्बार्दिनो वाजवायचा. ते पोटाशी बाळासारखं धरून वाजवायचं जाड पितळी वाद्य. सुराला आतून धरून ठेवतं, आणि कौतुक होतं ते तुतारीसारखं कॉर्नेट वाजवणाऱ्याचं. हा कास्तो आता रस्त्याकडच्या खोलीत, खिडकीला लागून पडून असायचा. डॉक्टर म्हणाले, जीभ ठीक आहे, मेंदू ठीक आहे, पण माणसाने मनातून दार लावून घेतलंय. भरवलं तर खायचा. विचारलं तर छताकडे बघायचा. पन्नास वर्षं ओब्दुलियाशी भांडलेला माणूस तिच्या कुठल्याच बोलण्याला उलट उत्तर देत नव्हता, आणि ते तिला झोपू देत नव्हतं.

"सप्टेंबर येऊ दे," ती त्याचं तोंड पुसता पुसता सांगायची. "बँड खिडकीखाली आला की बघते, कसा गप्प राहतोस ते."

जूनमध्ये नगराध्यक्ष एवारिस्तो दारात उभा राहिला. बरोबर राजधानीहून आलेली, जुनी चित्रं शोधून सांभाळणारी एक मुलगी, नेरेआ. तिच्या गळ्यात भिंग, हातात एका जुन्या मासिकाचं पान. पानावर फोटो: साल्वात्येरा याच दाराशी, हातात ब्रश, ब्रश भिंतीला टेकलेला.

"मावशी," एवारिस्तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "तुमच्या चुन्याखाली चित्र आहे."

"माझ्या चुन्याखाली घाण आहे."

"आजी, हा बघा फोटो," नेरेआ मऊ आवाजात म्हणाली. "ते रंगवताहेत."

"रंगवत नाहीये, पुसतोय. रोज पुसायचा. मी उभी असायची इथे, बादली घेऊन. तुला कोणी सांगितलं नाही का, की ब्रश वापरला की पुसावा लागतो?"

नेरेआचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "म्हणजे ही त्यांची रोजची हालचाल आहे," ती भिंतीला हात न लावता हात फिरवत म्हणाली. "कुठलाही आव नाही, प्रेक्षक नाही. हे तर चित्राहून मौल्यवान."

ओब्दुलियाने एवारिस्तोकडे बघितलं. "ही पोरगी माझ्या भिंतीला शेंबूड पुसलेला रुमाल म्हणतेय आणि वर त्याच्या पाया पडतेय. तू ऐकतोयस ना?"

"मावशी, सरकारी कागद आहे. सही-शिक्क्याचा. आजपासून या भिंतीला चुना लावायचा नाही."

"एवारिस्तो, तुझं शेंबडं नाक मी माझ्या या हाताने पुसलंय. ते कुठल्या भिंतीला पुसलं होतं ते सांगू का? तीही खरवडा."

तो लाल झाला, पण कागद त्याने ठेवला.

मग त्या भिंतीला हिरवी जाळी लागली, जाळीमागे फळ्या, आणि फळीवर तोंडाला फडकं बांधून नेरेआ. हातात डॉक्टरचा असावा तसला सुरा. सहासष्ट वर्षांचा चुना पापुद्र्यापापुद्र्याने खाली येऊ लागला. ओब्दुलिया आतून ते खर्र खर्र ऐकायची आणि आपलीच पाठ कोणी सोलतंय असं तिला वाटायचं. या थरात तिचं लग्नाचं वर्ष होतं, त्याखालच्यात तिचे स्वतःचे सतराव्या वर्षीचे हात. नेरेआ ते झाडूने गोळा करून पोत्यात भरायची. पोरगी वाईट नव्हती; रोज जाताना ओटा पुसून जायची, कास्तोला हात हलवायची. त्यामुळे तर तिला धड शिव्याही देता येत नव्हत्या.

जुलैअखेर चित्र बाहेर आलं. म्हणजे एक हातभर रुंद, हिरवट-तपकिरी, तेलकट ओघळांचा पट्टा. गायीचं पोट बिघडल्यावर गोठ्याच्या भिंतीवर जे दिसतं, नेमकं ते. बसवाले जाळीपाशी गर्दी करू लागले. एका पांढऱ्या हॅटवाल्या गृहस्थाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि बायकोला म्हणाला, "अजून तेलाचा वास येतोय."

"तो आमच्या पिस्तोचा वास आहे," ओब्दुलिया खिडकीतून म्हणाली. "वांगी-टोमॅटो परततेय. तुमच्या बायकोला विचारा, तिला येत असेल करायला."

इथवर ठीक होतं. खरी गंमत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली. गाव घासूनपुसून पांढरंफेक झालं आणि मधोमध ओब्दुलियाचं घर तेवढं सोललेल्या गुडघ्यासारखं राहिलं. गावाला कारण माहीत होतं. पण सणासाठी आजूबाजूच्या वस्त्यांवरून, मळ्यांवरून माणसं येतात, त्यांना कुठला साल्वात्येरा! त्यांनी भिंत पाहिली आणि जे त्यांचे बाप करत आले तेच केलं. पुरुष टोपी काढून, मान खाली घालून जाऊ लागले. पाणचक्कीवरची एक बाई कोंबडीच्या रश्श्याचं झाकलेलं भांडं घेऊन आली आणि दारातच ओब्दुलियाच्या गळ्यात पडली. "मला कोणी कळवलंच नाही गं! फार त्रास झाला का त्याला?"

"कोणाला?"

"कास्तोला."

"तो आत आहे. मघाशीच केळं खाल्लं त्याने."

बाईने छातीवर क्रूस काढला, तो कुणाला दिलासा म्हणून ते तिलाही कळलं नाही. रस्सा मात्र परत नेला. सुतकाचा रस्सा जिवंत माणसाला देत नाहीत.

ओब्दुलिया आत गेली तेव्हा कास्तो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर दोन शेतकरी त्याच्यासमोर टोप्या काढून उभे होते. तो डोकं हळूच वळवून, सहा महिन्यांत पहिल्यांदा, स्वतःहून बोलला.

"कोण गेलं?"

ओब्दुलियाच्या हातातलं फडकं खाली पडलं. "कोणी नाही रे. कोणी नाही गेलं."

कास्तोने त्या दोघांकडे पुन्हा नीट पाहिलं. "मग मीच असेन," तो म्हणाला, आणि परत छताकडे वळला. त्यानंतर त्याने जेवायला तोंडही उघडलं नाही.

ओब्दुलिया तडक बँडमास्तर लिनोकडे गेली. लिनो कास्तोच्याच हाताखाली शिकलेला, पोट सुटलेला, भला माणूस. तो कॉर्नेट तेलाने पुसत होता.

"लिनो, आठ तारखेला माझ्या दारासमोर वाजवायचं. भिंत कशीही असू दे."

लिनोने मान वर केली नाही. "मावशी, मी वाजवलंच असतं. सुतक नाहीये ते मला माहीत आहे. पण हे वाचा." त्याने नगरपालिकेचा कागद पुढे केला. नेरेआबाईंच्या तपासणीनुसार खरवडलेला गिलावा सुटा झाला होता, ढोलाच्या हादऱ्याने चित्र खाली येऊ शकत होतं. सबब, साल्वात्येरा-भिंतीच्या दोन्ही अंगांना पंचवीस पावलं बँड बंद.

"म्हणजे त्या थुंकऱ्याच्या घाणीला धक्का लागू नये म्हणून कास्तोने मुकी मिरवणूक बघायची? त्याला काय वाटेल, कळतंय तुला? त्याला वाटेल आपण मेलो. आत्ताच वाटतंय."

"मावशी, माझा मास्तर आहे तो. मला काय आनंद होतोय? पण एवारिस्तो म्हणतो, ढोल वाजला तर बँडला पुढच्या वर्षी परवानगी नाही."

"तुझ्या एवारिस्तोच्या तोंडात माशी जाऊन अंडी घालो," ओब्दुलिया म्हणाली आणि उठली. खुर्ची तिने उठतानाही झटकली.

आठ तारखेला सकाळी मिरवणूक डोंगरावरून निघाल्याचे फटाके वाजले. गल्लीत माणूस नव्हतं, बहुतेक सगळे वेशीकडे. ओब्दुलियाने रांजणावरचं झाकण काढलं. चुना दर वर्षीप्रमाणे मेमध्येच विरवून ठेवला होता. सायीसारखा झाला होता. बादली भरून, कुंचा घेऊन ती बाहेर आली आणि तिने जाळी बाजूला सारली. कागद गेला खड्ड्यात. मातेसमोर पांढरं घर, मग बँडला गप्प बसायला तोंड नाही.

पण भिंतीसमोर उभी राहिल्यावर तिचा हात खाली आला. सुऱ्याने भिंतीचा पार भुसा झाला होता. बोट लावलं की वाळू गळत होती. त्या तेलकट पट्ट्यावर चुना धरला नसता, बाजूच्या भोकांत नुसता पिऊन गेला असता. आधी गिलावा हवा, तो सुकायला आठवडा, मग तीन हात. आत्ता कुंचा मारला तर तासाभरात भिंत कोड फुटल्यासारखी दिसली असती, आणि निळीचा पट्टा ओघळून पायरीवर. ओब्दुलियाच्या हातून असली भिंत? मेलेल्याच्या घराची भिंत परवडली. तिने बादली आत नेली, आणि ओट्यापाशी उभी राहून दोन मिनिटं रडली; रागाने, आणि अर्थात एप्रनला नाक न पुसता.

मग तिने आयुष्यातलं सर्वांत घाणेरडं काम करायचं ठरवलं. ती देल्फिनाकडे गेली.

देल्फिना गल्लीच्या वळणापलीकडे, कारंज्याच्या कोपऱ्यावर राहायची. पंचवीस पावलांच्या पलीकडे. बँड पुन्हा सुरू होणार तो बरोबर तिच्या खिडकीखाली. दोघी एका वर्गात होत्या. पण सात वर्षांपूर्वी देल्फिनाने चुना सोडून भिंतीला दुकानातला प्लास्टिकचा रंग लावला, डब्यातला, चकचकीत, पाण्याने धुता येणारा. तेव्हापासून ओब्दुलियाने तिच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं.

देल्फिनाने दार उघडलं आणि ती हसायलाच लागली. "अगं बाई! सूर्य कुठे उगवला म्हणायचा? ये, ये. खुर्ची झटकून ठेवलीय."

"देल्फिना, कास्तोला तासभर तुझ्या खिडकीत बसवायचंय."

"माझ्या? त्या 'पिशवी गुंडाळलेल्या घरात'? तूच म्हणाली होतीस ना, पाववाल्याकडे, सगळ्यांदेखत?"

"म्हणाले होते."

"अन् काय ते दुसरं? हं. 'सॉसेजसारखं दिसतं.'"

"तेही म्हणाले होते. आता तू मला उभं ठेवणार आहेस का आत घेणार आहेस?"

देल्फिनाने हात कमरेवर ठेवले. तिला हा क्षण सात वर्षं हवा होता, आणि तो घाईत उरकायची तिची तयारी नव्हती. "एकदा म्हण. माझी भिंत पांढरी आहे."

ओब्दुलियाने भिंतीकडे बघितलं. ऊन पडून ती तेलकट कपाळासारखी चमकत होती. खाली एक फुगा आला होता, आत पाणी साठलेलं, पिकलेल्या फोडासारखा. दूर वेशीवर ढोल ऐकू येत होता.

"पांढरी आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडाला एरंडेलाची चव आली.

देल्फिनाचं हसू मावळलं. बहुधा तिला वाटलं होतं, ही म्हणणार नाही. तिने आत वळून हाक मारली, "पोरांनो! चला, कास्तोकाकाला उचलायचंय. अरे, हात धुऊन या आधी, ओब्दुलियाचा नवरा आहे तो!"

देल्फिनाचे दोन्ही मुलगे खाटीक, बैलाच्या मानेचे. त्यांनी कास्तोला खुर्चीसकट उचलून आणलं आणि खिडकीत ठेवलं. देल्फिनाने त्याच्या पाठीला उशी दिली. उशीला प्लास्टिकची खोळ होती. ओब्दुलियाने तोंड फिरवलं.

मिरवणूक गल्लीत शिरली. बँड जवळ जवळ आला आणि एका क्षणी पटकन थांबला. आता नुसते पाय. शेकडो पायांची सरपट, मातेच्या पालखीच्या लाकडाची करकर, आणि ओब्दुलियाच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बसवाल्यांच्या मोबाईलची टकटक. मातेकडे पाठ करून ते पट्ट्याचा फोटो घेत होते. कास्तोने ती शांतता ऐकली. त्याची मान छातीवर टेकली.

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

"थांब," ओब्दुलिया म्हणाली. तिने त्याचा डावा हात घट्ट धरला होता. "जरा थांब रे."

लिनो वळणावर आला. त्याने खिडकीत मास्तर पाहिला आणि त्याचा हात जरा जास्तच जोरात खाली आला. बँड असा फुटला, की देल्फिनाच्या तावदानांनी दाद दिली. ढोल, झांजा, कॉर्नेट, आणि आतून तो जाड पितळी आवाज.

कास्तो हलला नाही. मग ओब्दुलियाच्या हातात त्याची तीन बोटं हलली. एक, दोन, एक, तीन. वाद्याचे खटके दाबावे तशी. बोटं थांबली. कास्तोच्या कपाळावर आठी आली.

"हा गधडा कोण?"

"कोण?"

"बॉम्बार्दिनोवर. कोण बसवलाय तिथे?"

"लिनोचा भाचा आहे वाटतं."

"शी!" कास्तो म्हणाला. त्याचा ओठ वाकडा झाला, आणि तो आजाराने नव्हता. "ओला मोजा पिळतोय की वाजवतोय? थुंकी साठलीय नळीत, काढत नाही. थू! ऐक, ऐक, आता बघ, इथे खाली यायचं असतं... नाही आला. शी शी शी. लाज नाही का रे लिनो तुला!" हे शेवटचं तो खिडकीतून ओरडला. मिरवणुकीत माना वळल्या. लिनोने वाजवता वाजवताच टोपी हलवली.

देल्फिनाने कॉफी आणली. ओब्दुलियाने पेला उजेडात धरून बघितला, मग डोळे मिटून घोट घेतला.

"आठ दिवसांनी माता परत डोंगरावर जाते," देल्फिना म्हणाली. "तेव्हाही घेऊन ये त्याला. बसू दे इथे."

"येऊ," ओब्दुलिया म्हणाली.

पोरं कास्तोला खुर्चीसकट परत नेऊ लागली, तर तो वाटभर बोलत होता. भाच्याच्या फुफ्फुसांवर, लिनोच्या कानांवर, हल्लीच्या पितळावर, कारंज्यापाशी पडलेल्या सूर्यफुलाच्या टरफलांवर आणि ती थुंकणाऱ्यांच्या आयांवर. ओब्दुलिया मागून चालत होती. तिच्याकडेही बोलण्यासारखं पुष्कळ होतं, त्या उशीच्या खोळीपासून सुरुवात करून. पण त्याच्या शिव्या थांबतील या भीतीने ती घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.